सासू सांग, पुस्तक सांगस

मुलगी बघायला जाणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मुलगा बघायला जाणारीही आता निघाली आहेत. पण खास सासू बघायला जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी आत्माराम आबा.

साखरपुड्याला सगळ्यांचं लक्ष नवरा-नवरीकडे असतं. आबा मात्र चहाचा कप घेऊन मुलाच्या आईसमोर खुर्ची ओढतात. इकडची तिकडची दोन वाक्यं झाली की हळूच विचारतात, "विहीणबाई, तुमच्याकडे वरणाला फोडणी कोण देतं?" विहीणबाई बिचाऱ्या कौतुकाने सांगू लागतात. स्वयंपाक कोण करतं हा प्रश्न आबांच्या मते निरुपयोगी. भाजी कोणीही चिरो, बट्ट्या कोणीही तळो, शेवटी फोडणीची पळी ज्या हातात असते, त्या हातात घर असतं. एवढं कळलं की आबा उठतात, आणि घरी येऊन नवरीसाठी कादंबरी काढतात.

आबांचा धंदा भांड्यांवर नावं टाकण्याचा. धुळ्यात आग्रा रोडवर एका मारवाडी शेठजींचं भांड्यांचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर आबा आपलं विजेवर चालणारं मशीन घेऊन चाळीस वर्षं बसले आहेत. लग्नात दिलेल्या घागरीवर, डब्यावर, ताटावर देणाऱ्याचं नाव पाहिजेच, हा आपला जुना कायदा. उद्या कोणी म्हणायला नको की मामाने काही दिलं नाही. त्यामुळे पंचक्रोशीत कोणाचं लग्न कोणाशी ठरलं हे आबांना पत्रिका छापण्याआधी कळतं. हातात घागर आली की आबा आधी भांड्याकडे नाही, गिऱ्हाइकाकडे बघतात आणि म्हणतात, "सासू सांग, पुस्तक सांगस."

कादंबऱ्या सगळ्या ऐतिहासिक आणि पौराणिक, आणि नायिका खमकी असलेल्याच. रडूबाई त्यांच्या कपाटात टिकत नाही. गंमत अशी की आबांना पुस्तकाचं नाव कधी आठवत नाही, लेखकाचं तर नाहीच. पुस्तकं ओळखायची ती बाईने काय केलं त्यावरून. "ती नवऱ्याले भर दरबारमा सवाल करनारी दे." "ती येढा पडना तवय किल्ला राखनारी शे का?" पुस्तकांच्या दुकानातला मुलगा सुरुवातीला गोंधळायचा. आता त्यानेही कप्पे तसेच लावलेत.

नुस्ख्यांच्या बाबतीत आबा वैद्याच्या वरताण. सासू आरडाओरडा करणारी असेल, तर आबांना काळजी नसते. "आरडस ती सोपी शे. गोड बोलस, तिले घाबरानं." गोड बोलणाऱ्या सासूसाठी राजवाड्यातली कारस्थानं ओळखून राज्य हाकणारी राणी. आरडणाऱ्या सासूसाठी पुराणातली, नवऱ्याला जाब विचारणारी, कारण आबांच्या मते सासू ओरडली की सुनेने सासूकडे बघायचंच नाही, नवऱ्याकडे बघायचं. आणि पाहुणे आले की जिच्या छातीत दुखतं, अशी सासू असेल तर किल्लेदारीण. तिथे आबा गंभीर होत. "आजारी सासू म्हंजे येढा. येढामा घाई करानी नही. दानागोटा पुरवी पुरवी खावाना."

शेठजी कपाळाला हात लावत. "आबा, घागर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तुम्ही पुस्तकाच्या दुकानात पाठवता. मी काय नुसते तांबे मांडून बसू?" आबा म्हणत, "शेठ, घागरले पोचा पडस. बाईले पडाले नको." आणि तेच शेठजी स्वतःच्या पुतणीच्या लग्नात मागच्या दाराने येऊन विचारत, "आबा, समधन इंदूरची आहे. खूप गोड बोलते." आबा त्यांना जाडजूड राणी देत.

हल्ली तर लोक सासूचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. आबा चष्मा कपाळावरून नाकावर आणतात, दोन बोटांनी फोटो मोठा करतात आणि सासूचे ओठ बघतात. "फोटोमा बठ्ठ्या गोडच दिसतस," असं म्हणून शेवटी प्रत्यक्ष जातातच.

माझ्या रूपालीच्या लग्नात त्यांनी हीच मेहनत घेतली. सासर वरणगावचं. आबा साखरपुड्याला आले, फोडणीची चौकशी केली, जिन्याखाली मला गाठून म्हणाले, "भाऊ, पळी सासूनाच हातमा शे. घट्ट धरेल शे." लग्नात आहेर पुकारणारा माईकवर ओरडत होता, अमुककडून पिंप, तमुककडून कुकर. मध्येच त्याने आबांची पुडी सोडली, अडखळला आणि म्हणाला, "आत्माराम आबांकडून... एक राणी!" मांडवात हशा पिकला. मी व्याह्यांकडे बघून उगाच खोकलो.

दोन महिन्यांनी रूपालीचा फोन आला. पुस्तक तिच्याआधी सासूने उघडलं होतं. उघडलं ते उघडलं, चार दिवसांत संपवलं, आणि आता घरात राणीसारख्या चाली खेळतात. आबांना सांगितलं तर त्यांनी मशीनच बंद केलं. "भाऊ, नकाशा दुश्मनना हातमा गया." पुढच्याच आठवड्यात विहीणबाई धुळ्यात काही कामाला आल्या त्या थेट पायरीवर. मला वाटलं, आता इथे धुमश्चक्री. पण त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि म्हणाल्या, "आबा, याचा दुसरा भाग शे का? मले त माह्या लग्नात कोनी असं पुस्तक दिलंच नही."

आबांनी दुसरा भाग दिला. पण त्या गेल्यावर बराच वेळ मशीन चालू असून हातातलं ताट कोरंच होतं. मला वाटलं, हार पचनी पडली नाही. मी चेष्टेने विचारलं, "आबा, साऱ्या खान्देशच्या मुलींना पुस्तकं दिलीत. आपल्या लेकीला, सुमनला, कोणती राणी दिली होती?"

मशीनची सुई घसरली. ताटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा ओरखडा उठला. चाळीस वर्षांत आबांनी वाया घालवलेलं ते पहिलं भांडं असावं. त्यांनी ते शेठजींकडून मुकाट्याने विकत घेतलं, आणि त्यानंतर मला दिवसभर 'भाऊ' म्हटलं नाही.

घरी आल्यावर बायकोने माझी हजेरी घेतली. सुमनच्या लग्नाच्या वेळी ती नुकतीच नवी नवरी होऊन आमच्या घरी आली होती, बॅग भरायला तिकडेच होती. सुमन आबांची एकुलती एक. वाचायची हो, अगदी भाकरी करपेपर्यंत. चोपड्याचं केळीवाल्यांचं स्थळ आलं, आणि बैठकीत मुलाकडचं कोणी सहज म्हणालं, "मुलगी वाचत बसते असं ऐकलं." आबा हात जोडून म्हणाले, "छे छे, ती सवय इथंच ठेवून येईल." पाठवणीच्या आधी त्यांनी सुमनच्या बॅगेतून, साड्यांच्या घडीतून, तिने लपवलेलं अर्धवट वाचलेलं पुस्तक स्वतःच्या हाताने काढून घेतलं. सुमन समोरच उभी होती. ती रडली नाही, भांडली नाही. त्या दिवसापासून तिने वडिलांकडे काहीच मागितलं नाही. दिवाळीला येते, अर्धा दिवस थांबते, फराळाची ताटली उचलून ठेवते आणि जाते. आई गेल्यावर तर अर्ध्याचं पाव झालं.

एवढं सगळं मला सव्वीस वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं. मी स्वतःला फार चौकस समजत होतो.

आणि यंदा सुमनच्या मुलाचं लग्न ठरलं. साखरपुडा चोपड्याला, मुलाच्याच घरी. म्हणजे नातसून येणार, तिला पुस्तक द्यायचं, त्यासाठी सासू बघायची, आणि सासू कोण, तर सुमन! आबांनी आठ दिवस मशीनला हात लावला नाही. शेठजींनी मला निरोप धाडला, "भाऊ, लग्नसराई आहे, म्हाताऱ्याला काय झालं बघा." मी गेलो, तर आबा पत्र्याच्या एका चिंचोळ्या पट्टीच्या कडा कानशीने घासत बसले होते. वर न बघता म्हणाले, "रविवारले मनासंगे चाल. एकलाले जमाव नही."

आम्ही अमळनेरमार्गे एसटीने निघालो. आबांच्या मांडीवर एक पिशवी होती, ती त्यांनी वर ठेवू दिली नाही. एरवी बसमध्ये शेजारच्या बाईची सासू तीन थांब्यांत उलगडणारा हा माणूस, चोपड्यापर्यंत खिडकीतून केळीच्या बागा बघत राहिला.

सुमनच्या अंगणात मांडव होता. मागे वांगी भाजत होती, वरणाचं पातेलं चुलीवर होतं. सुमन कमरेला किल्ल्या लावून सगळीकडे फिरत होती. तिने आम्हाला पाणी दिलं, "प्रवास बरा झाला ना?" म्हणून विचारलं, अगदी लांबच्या पाहुण्यांना विचारावं तसं. आबांना काय बोलावं सुचेना. आणि सुचलं नाही की माणूस सवयीवर जातो. ते म्हणाले, "सुमन, तुमनाकडे वरनले फोडनी कोन देस?"

मी डोळे मिटून घेतले.

"मीच देस, आबा," सुमन म्हणाली. "सव्वीस वरीस मीच दी राहिनू. दुसरं काय करती? पुस्तक तर तुम्ही घरीच ठी लिधं."

आवाज चढलेला नव्हता. पण मला उठून मांडवाबाहेर जावंसं वाटलं. आबांनी मात्र मान खाली घातली नाही. पिशवीतून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जुनं पुस्तक काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. पानांमधून पत्र्याची ती पट्टी डोकावत होती. सुमनने पट्टी ओढली. तिच्यावर आबांच्या हातचं, सगळ्या भांड्यांवर असतं तसं वळणदार अक्षर होतं. पण देणाऱ्याचं नाव नव्हतं. वडिलांकडून नाही, सप्रेम भेट नाही. फक्त 'सुमन'.

"तू एकशे बारावर होती," आबा म्हणाले. "पट्टी तठेच ठेवेल शे. मी चुकनू, बेटा."

सुमनने पान उघडलं. कोपरा अजून दुमडलेला होता, तिनेच दुमडलेला. तिने त्यावरून अंगठा फिरवला. मग, वडिलांकडे न बघता, तिने सव्वीस वर्षांतली पहिली गोष्ट मागितली.

"पुढे काय व्हस हिनं?"

"माले काय माहीत? तुना पानपुढे मी गऊच नही."

खान्देशातल्या झाडून साऱ्या राण्या वाचलेला हा माणूस, आणि हे एक पुस्तक त्याने घरात ठेवून वाचलं नव्हतं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. वांग्यांचा धूर होता, असंही मी कोणाला सांगितलं नाही.

तेवढ्यात आतून सुमनच्या जाऊबाईंनी हाक दिली, "सुमन, वरण उतरवलं व! फोडणी!"

सुमन उठली. किल्ल्या सावरल्या, दोन पावलं गेली, आणि परत येऊन वडिलांशेजारच्या खुर्चीत बसली. "आज तुम्ही दी टाका," ती आत ओरडून म्हणाली, आणि तिने एकशे तेरावं पान उलटलं.

त्या दिवशी वरणात मीठ जरा जास्त होतं. आबांनी तीनदा वाढून घेतलं.

परतीच्या एसटीत आबांची पिशवी रिकामी होती. मला एकदम आठवलं. "अहो आबा, नातसुनेचं पुस्तक राहिलंच की! सासू तर पाहिलीत. आता तिला कोणती राणी देणार?"

"मी कोन देनारा?" आबा म्हणाले. "सुमननं वाची व्हवू दे. तिनी सासूच देई तिले."

मग त्यांनी पुढच्या सीटवरच्या बाईच्या खांद्याला हळूच हात लावला आणि विचारलं, "अक्का, तुमनाकडे फोडनी कोन देस?"