लाल झाकणाचा आठवडा

केल्विन ट्रेंगोव्हने लेखाचा शेवटचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हटले, "ऐक हं. 'ऑस्ट्रेलियन माणूस कोणाच्या मागे चालत नाही. तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि स्वतःच्या डोक्याने ठरवतो.' कसं वाटतं?"

"कचऱ्याचा डबा बाहेर ठेवलास का?" आतून ग्लेनिसने विचारले.

वॉलरू या समुद्रकाठच्या गावातल्या शाळेतून भूगोलाचा शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून केल्विन ब्लॉग लिहीत होता. वर्तमानपत्राने त्याची पत्रे अर्धी कापून छापली, हा त्यामागचा मूळ राग. ब्लॉगवर संपादक नव्हता, जाहिरात नव्हती, शब्दमर्यादा नव्हती आणि, खरे सांगायचे तर, वाचकही नव्हते. भेटींच्या आकड्यात रोज दोन दिसत. त्यांतला एक तो स्वतः असे. दुसरी ग्लेनिस असावी असे तो धरून चालला होता, आणि ग्लेनिसने त्याचा हा समज कधी मोडला नव्हता.

पण या नाताळात त्याने ठरवून टाकले होते. हा लेख त्याने महिनाभर घासूनपुसून लिहिला होता. घराबाहेरच्या एकाही माणसाने तो वाचला नाही, तर ब्लॉग बंद. ग्लेनिस त्यावर "बघ बाबा" एवढेच म्हणाली होती. मनातून मात्र ती धास्तावली होती. नऊ वर्षे जे ब्लॉगवर गेले, ते यापुढे जेवणाच्या टेबलावर येणार, हे तिला स्पष्ट दिसत होते.

केल्विनने लेख प्रसिद्ध केला आणि मान वर केली. खिडकीतून समोरच्या डॅरिल पॅस्कोचा पिवळ्या झाकणाचा डबा रस्त्याच्या कडेला उभा दिसला. म्हणजे पिवळा आठवडा. नगरपालिकेचे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेले होते, पण मन अजून लेखात होते. त्याने पायांत चपला सरकवल्या, आपला पिवळा डबा ओढत फाटकाबाहेर नेला आणि परत येऊन भेटींचा आकडा पाहत बसला.

त्या गल्लीत लाल झाकणाचा कचरा एका आठवड्यात जाई, पिवळ्या झाकणाची रद्दी आणि बाटल्या दुसऱ्या आठवड्यात. कुठला आठवडा कुठला, हे लक्षात ठेवण्याची कोणाला गरज पडत नसे. पडदा बाजूला करून ट्रेंगोव्हच्या फाटकाकडे पाहिले की काम भागे. भूगोलाच्या मास्तरांचे चुकलेले आजवर कोणी पाहिले नव्हते. अंधार पडण्यापूर्वी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी झाकणे ओळीने उभी राहिली.

सकाळी कचऱ्याची गाडी आली. ती लाल झाकणांची होती. एका लयीत ती सगळ्या फाटकांवरून पुढे गेली, डबा उचलणारा तिचा यांत्रिक हात एकदाही बाहेर आला नाही, आणि कोपऱ्यावर वळताना चालकाने केल्विनकडे पाहून हात हलवला.

केल्विन फ्रिजपाशी गेला आणि वेळापत्रकावर बोट ठेवून त्याने आठवडे मोजले.

"काय चुकलं?" ग्लेनिसने विचारले.

"लाल होता."

ग्लेनिसने हातातला कप खाली ठेवला. नव्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत साऱ्या गल्लीने जेटीवरून निळे खेकडे धरून आणले होते. खेकड्यांची कवचे उन्हात वास मारतात म्हणून गाडीच्या दिवसापर्यंत ती फ्रीजरमध्ये ठेवायची, ही तिथली रीत. आदल्या दुपारी, पिवळी झाकणे दिसण्यापूर्वीच, सगळ्यांनी ती बाहेर काढून लाल डब्यांत टाकली होती, आणि वितळलेली कवचे परत फ्रीजरमध्ये कोणी घेतली नव्हती. आता ती आणखी दोन आठवडे तिथेच राहणार होती, आणि रेडिओवर बाई सांगत होती की पारा त्रेचाळीसच्या वर जाईल.

दहा वाजेपर्यंत फाटकापाशी माणसे जमली. पहिली आली ती शेजारची नोएलीन रॉडा; तिने नाकाला रुमाल लावला होता.

"मी लाल काढला होता, केल," ती म्हणाली. "माझ्या हातांनी काढला होता. मग तुझा पिवळा बघितला आणि मुकाट्याने लाल आत घेतला. म्हटलं, वय झालं आपलं."

"मी पण तसंच केलं," कोपऱ्यावरचा कॉन कलायझिस म्हणाला. जेटीवर सर्वांत जास्त खेकडे तोच धरत असे, त्यामुळे त्याचा डबा सर्वांत भरलेला होता. "बायको म्हणाली, लाल आहे. मी म्हटलं, मास्तरांपेक्षा तुला जास्त कळतं का? सकाळपासून ती माझ्याशी बोलत नाहीये. त्याचं एक सोड, पण वास बोलतोय."

केल्विनला आता एकच आधार उरला होता. "मी डॅरिलचा पिवळा डबा बाहेर पाहिला," तो म्हणाला. "म्हणून काढला."

सगळ्यांच्या माना डॅरिलकडे वळल्या. डॅरिल अर्ध्या चड्डीत, अनवाणी, हातात टोस्ट घेऊन उभा होता.

"तो स्टंप होता, गड्या," डॅरिल म्हणाला. "मेहुणा आला होता ॲडलेडहून. रस्त्यात खेळत होतो; मोटार आली म्हणून कडेला सारला, तो तिथंच राहिला."

"स्टंप म्हणून लाल का नाही घेतलास?"

"लाल भरलेला होता ना. चेंडू लागला तरी हलत नाही. मेहुणा आउट झाला तरी कबूल करत नाही, मग डबा तरी हलायला नको?"

या युक्तिवादात केल्विनला खोट काढता येईना. आपण एका स्टंपच्या मागे चाललो आणि सगळी गल्ली आपल्या मागे चालली, हे त्याच्या पूर्णपणे ध्यानात आले. इथे दोन साधी वाक्ये बोलून क्षमा मागता आली असती. पण दोन वाक्यांत बोलण्याची सवय त्याने कधी लावून घेतली नव्हती.

"मी याचा सविस्तर खुलासा लिहितो," तो म्हणाला. "दुपारपर्यंत ब्लॉगवर येईल."



"तुझा ब्लॉग आहे?" नोएलीनने विचारले.

दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. वासामुळे सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या, उन्हामुळे कोणाला जेटीवर जाववत नव्हते, आणि घरात कोंडलेल्या माणसांना वाचण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. खुलासा प्रसिद्ध झाल्यावर केल्विनने आकडा पाहिला. तो अकरा होता. पाणी पिऊन आला तोवर चाळीस झाला होता.

"ग्लेनिस, वाचतायत," तो म्हणाला.

"काय वाचतायत?"

त्याने पाहिले आणि तो खुर्चीत मागे टेकला. खुलासा संपवून लोक जुने लेख उघडत होते. वाचक नाहीत या भरवशावर त्याने नऊ वर्षे गल्लीबद्दल मोकळ्या मनाने लिहिले होते. डॅरिलची बोट, जी ट्रेलरवर चढली ती आजतागायत पाण्यात उतरली नव्हती. कॉन सांगतो ते खेकड्यांचे माप. नोएलीनचे नाताळचे दिवे, जे ईस्टरपर्यंत लुकलुकत. नावेसुद्धा त्याने बदलली नव्हती. ते त्याला अप्रामाणिक वाटे.

"काढून टाकू का?"

"आता काढलंस तर ज्यांनी वाचलं नाही ते पण विचारत येतील," ग्लेनिस म्हणाली. "आणि नऊ वर्षं तूच ऐकवत होतास ना, स्वतंत्र लेखक शब्द मागे घेत नाही? बस आता."

केल्विन बसला. आकडा चढत होता आणि प्रत्येक अंकाबरोबर त्याला एकेक जुने वाक्य आठवत होते. ज्या वाचकांची त्याने इतकी वर्षे वाट पाहिली, ते समोरच्या पदपथावरूनच चालत येतील, अशी कल्पना त्याने केली नव्हती.

संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला आणि त्याच्याबरोबर नोएलीन, कॉन आणि डॅरिल आले. कॉनने घडीची खुर्ची सोबत आणली होती. बराच वेळ बसण्याचा बेत होता, हे त्यावरून दिसत होते.

"बोटीबद्दल लिहिलंयस तू," डॅरिल म्हणाला.

"हो. ते जरा थट्टेत होतं."

"निळी लिहिलीस. चार ठिकाणी निळी. ती हिरवी आहे. रोज बघतोस खिडकीतून."

केल्विनने मान वळवून समोरच्या ट्रेलरकडे पाहिले.

"याच्या बोटीवर चार लेख," कॉन म्हणाला, "आणि माझ्यावर एक. तो पण अर्धा हवामानावर. मी काय वाईट केलंय तुझं?"

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलोय ना. सांगतोय तेच."

नोएलीनने पर्समधून चष्मा काढला. "दिव्यांचं खरं आहे, त्याबद्दल मी काही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण केल, तू फार उशिरा सुरू होतोस. आज डब्यांचा खुलासा लिहिलास, आणि पहिले दोन परिच्छेद छपाईच्या इतिहासावर. डबा तिसऱ्यात येतो. मी डबा शोधत बसले होते."

"ती पार्श्वभूमी आहे."

"पार्श्वभूमी मला नाकाने कळत होती."

यानंतर मूळ प्रश्नाकडे वळणे भाग होते. डबे नेऊन कचरा डेपोवर रिकामे करायचे, तर ट्रेलर हवा. गल्लीत ट्रेलर एकच होता आणि त्यावर बोट होती.

"बोट उतरवावी लागेल," डॅरिल म्हणाला. "पाण्यात नाही टाकता येणार. तळाचं काम बाकी आहे. कुठंतरी गवतावर ठेवू थोडे दिवस."

"थोडे म्हणजे?" केल्विनने विचारले.

सगळे जण त्याच्या हिरवळीकडे पाहत होते. तिची निगा तो लेखांइतकीच राखत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट तिथे आली. डबे डेपोवर जाऊन आले, साबणाने धुतले गेले, आणि कॉनची बायको कॉनशी बोलू लागली. दुपारी केल्विन लिहायला बसला तेव्हा खिडकीतून त्याला रस्ता दिसत नव्हता. सगळी चौकट बोटीने भरली होती. ती हिरवी होती. त्याने एका बैठकीत लेख पुरा केला, आणि ब्लॉग बंद करण्याचा विषय काही त्याच्या तोंडून पुन्हा निघाला नाही.

"झाला?" ग्लेनिसने आनंदाने विचारले. "मग टाक की."

"टाकतो," केल्विन म्हणाला. पण त्याने बटण दाबले नाही. त्याने लॅपटॉप बगलेत मारला, बोटीला वळसा घालून शेजारच्या फाटकातून आत शिरला आणि जाळीच्या दारावर टकटक केली.

नोएलीनने दारातच लॅपटॉप हाती घेतला. उभ्याउभ्याच तिने सुरुवातीचा बराच भाग भराभर वर सरकवला, मग एका ओळीशी थांबली, आणि दार पुरते उघडून म्हणाली, "ये, बस. चहा टाकते. वेळ लागेल याला."