एका तुकड्याचा शाफ्ट

व्हर्नन प्रुइटला कुणी "तुला जमणार नाही" म्हटलं की त्याचं डोकंच फिरायचं. समोरच्या घरातल्या डेल हॅवरकँपने नेमकं तेच म्हटलं, म्हणून शनिवारी सकाळी व्हर्नन गराजसमोरच्या वाटेवर आपल्या निळ्या स्पोर्ट्स कारखाली उताणा पडला होता.

इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा शाफ्ट या गाडीला दोन तुकड्यांचा होता. व्हर्ननने मागवला एकसंध, ॲल्युमिनियमचा, हलका. त्याने म्हणे गाडी बाणासारखी सुटते. (विमा कंपनीत बसून लोकांचे अपघाताचे दावे नाकारणाऱ्या माणसाला बाणासारखं सुटून जायचंय कुठे, असं त्याच्या बायकोने, लोरेटाने, विचारलं होतं. तेव्हापासून तो तिच्याशी तुटकच बोलत होता.)

टोलिडोच्या रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ खाऊन बोल्ट गंजले होते. शाफ्ट फिरवून बोल्टपर्यंत पोचण्यासाठी त्याने हँडब्रेक सोडला, गिअर न्यूट्रलला टाकला. शेवटचा बोल्ट सुटला तसा जुना शाफ्ट थेट छातीवर आला. पाठोपाठ गिअरबॉक्समधलं तेल कानात गेलं. व्हर्ननने शाफ्टला, बोल्टला आणि डेलला, या क्रमाने शिव्या घातल्या. मग शहाणपणाने गिअर परत पार्कमध्ये, म्हणजे शाफ्टमार्फत चाकं जखडणाऱ्या खाचेत, टाकला. हँडब्रेक मात्र राहून गेला.

तेवढ्यात गराजच्या दारात लोरेटा येऊन उभी राहिली.

"व्हर्नन, गाडी हलव. मला व्हॅन काढायचीय."

"आत्ता?"

"आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आज आहे, तो काय पुढच्या महिन्यात ढकलू? चर्चच्या हॉलमध्ये सगळे केकची वाट बघतायत आणि केक व्हॅनमध्ये आहे. नेमकी माझ्याच वाटेत गाडी खोलायची सुचली तुला. मुद्दाम केलंस ना?"

"मुद्दाम करायला मी काय तुझा भाऊ आहे?"

"माझ्या भावाचं नाव काढू नकोस. त्याची गाडी निदान चाकांवर उभी असते."

हे वर्मी लागलं. व्हर्ननने दात-ओठ खात जॅक लावला, गाडी ज्यांवर टेकवली होती ते स्टँड काढले आणि गाडी खाली घेतली. बाजूच्या हिरवळीवर ढकलायची, एवढाच बेत होता. चाकांखालचे लाकडी ठोकळे त्याने रागारागात लाथेने उडवले.

गाडी निघाली.

उतार तसा फार नव्हता, पण पुरेसा होता. व्हर्नन दाराची मूठ धरून सोबत धावला, "थांब, थांब" म्हणत, जणू ती त्याचं कधी ऐकत होती. रस्ता ओलांडून ती शांतपणे डेलच्या कुंपणात शिरली आणि कोरून-कातरून वाढवलेल्या झुडपांत नाकापर्यंत रुतून उभी राहिली.

डेल पाण्याची नळी हातात घेऊन आला. "व्हर्नन, ही इथे काय करतेय?"

"पार्कमध्ये आहे ती," व्हर्नन गुरगुरला.

"शाफ्टच काढून ठेवल्यावर पार्क धरणार कुणाला? तुझ्या अकलेला?"

मागून व्हॅनचा आवाज आला. वाट आता मोकळी झाली होती. लोरेटाने केक घेऊन, दोघांकडे ढुंकूनही न बघता, चर्चचा रस्ता धरला.

कुंपणात गाडी सहन होईना म्हणून डेलनेच बोल्ट आवळायचे पाने आणले. दोघांनी गाडी मागे ओढून सपाटीवर घेतली आणि दुपारभर एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत नवा शाफ्ट बसवला. डेल प्रत्येक बोल्ट आवळताना "माझं कुंपण" म्हणत होता. व्हर्ननला त्याच्या मदतीची गरज होती, आणि याचाच त्याला सगळ्यात जास्त संताप येत होता.

रविवारी त्याने लोरेटाला बळेच शेजारी बसवलं. ती अजून फुगलेलीच होती. मोकळ्या रस्त्यावर त्याने ॲक्सिलरेटर दाबला. शाफ्ट लोण्यासारखा फिरत होता. त्याची छाती फुगली.

"जाणवतोय फरक?"

लोरेटाने प्रामाणिकपणे विचार केला.

"हो. वारा जरा जास्त येतोय," ती म्हणाली आणि खिडकीची काच वर केली. "आता नाही जाणवत."