दत्तराव मिस्त्रींची तार

दत्तराव मिस्त्री भेटले की रामराम नाही, तब्येत नाही. खिशातून ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा काढून थेट आपल्या हातात. "वाकवा. अजून वाकवा." तुकडा तुटला की चेहरा पडायचा, तोही क्षणभरच. "बराबर, तुटायचीच होती," म्हणत स्वारी गल्लीच्या टोकाला पोचलेली असायची.

मी हिंगोली डेपोत कंडक्टर आणि दुर्दैवाने त्यांचा शेजारी. नव्वद सालानंतर वर्ष-दीड वर्ष त्यांनी मला अगदी जेरीस आणलं. त्यांचे साडू औरंगाबादच्या एका कारखान्यात लेथवर होते. तिथे फार कडक जातीच्या ॲल्युमिनियमचे भाग बनत. त्यातून निघालेला वेटोळ्यांचा कीस दत्तराव पोत्यात भरून माझ्याच गाडीने आणत. एकदा त्यात अडकून गाडीतल्या एका पाहुण्याचं नवंकोरं धोतर टरकन फाटलं. पाहुणे खवळले, तर हे म्हणतात, "धोतराचं जाऊ द्या, धातू बघा!"

घरी तो कीस सोड्याच्या पाण्यात धुवायचा, कुटून गोळे करायचे, मुशीत वितळवून कांडी ओतायची आणि सोनारासारखी भोकांच्या पट्टीतून ओढून तार काढायची. मग ती तापवून पाण्यात विझवायची. इथवर झकास. पण साडूंनी बजावलं होतं, आता चार दिवस हात लावू नका, ती नुसती पडूनच कडक होते. नेमकं तेवढंच जमेना. जेवताना दोनदा उठणारा माणूस! दुसऱ्याच दिवशी वाकवून बघायचे आणि मऊ लागली किंवा तुटली की पुन्हा मुशीत.

"अहो, बाजारात लोखंडी तार मिळते की," मी एकदा वैतागून म्हणालो.

"न्हाई. गंजती. तिच्या हाताला टोचती. दोर लावला तर ढिला पडतो."

प्रयागकाकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, नजर गेली होती. कुणाचा हात धरून चालायची लाज वाटते म्हणून त्यांनी दोन वर्षं उंबरा ओलांडला नव्हता. हे रोज डोळ्यांसमोर असून त्यांना धरायला काही बांधावं असं मला सुचलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

पुढच्या खेपेला दत्तराव तारेचं वेटोळं घेऊन आमच्या दारात. "कंडक्टर, हे तुमच्या ट्रंकेत ठेवा. कुलूप घाला. मी मागितलं तरी देऊ नका."

चार दिवसांत अकरा वेळा मागायला आले. "नुसता हात लावून देतो हो!" मी दिलं नाही.

पाचव्या दिवशी त्यांच्या उंबऱ्यापासून आमच्या ओट्यापर्यंत कमरेच्या उंचीवर तार ताणली गेली. काकूंनी तिच्यावर हात ठेवला आणि पाऊल-पाऊल करत एकट्या आमच्याकडे आल्या. बायकोला म्हणाल्या, "चहा ठेव गं, बसायला आले."

दत्तराव मागे धावतील असं वाटलं होतं. ते उंबऱ्यात बसले होते, दोन बोटं तारेवर ठेवून.

"मिस्त्री, काहून बसून राहिले?" मी विचारलं.

"ती परत निघाली की तार हलती. कळतं मला."

काकू आमच्याकडे तासभर बसल्या. तेवढा वेळ दत्तराव जागचे हलले नाहीत.