भास्कर भावजींचा आंधळा कॅमेरा

आमच्या किन्हवलीत उलटा चालणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा शेजारी आहे. भास्कर भावजी, फोटोग्राफर. डोळ्याला कॅमेरा लावला की हा माणूस मागे सरकायला लागतो. असे सरकत सरकत ते एकदा उकिरड्यात बसलेत, एकदा भातलावणीच्या चिखलात, आणि एकदा ऐन लग्नात वरणाच्या टोपात. वरण निवलेलं होतं म्हणून निभावलं. मी म्हटलं, अहो, जरा मागे बघून चालत जा. तर कपडे झटकत म्हणतात, "वैनी, झूम पायात असतो."

आधी हा झूम पायात नव्हता, टेम्पोत होता. ड्रोन, लांबलचक लेन्सा, दिवे, छत्र्या, काय नि काय. हळदीला निघाले की वाटायचं बिऱ्हाड हलवतायत. ड्रोन उडाला की धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गाणाऱ्या धवलारीणबाईंचा आवाज गडप, आणि मांडवाची झालर नवरदेवाच्या तोंडावर. भावजी आपले स्क्रीनमध्ये डोकं घालून, एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून उभे. लोकांच्या लग्नात इतका दुःखी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग त्यांचे वडील गेले, आणि महिन्याभरात भावजींनी सगळं सामान मुरबाडच्या एकाला विकून टाकलं. कपाटातून एक जुना खिशातला कॅमेरा काढला. त्याची मागची स्क्रीन मेलेली. बघायला उंदराच्या बिळाएवढं भोक. फोटो आला की गेला, ते घरी कॉम्प्युटरला जोडल्यावर कळणार. आणि ते कळलं की भिंतीपलीकडून एकटाच माणूस खो-खो हसतोय असं ऐकू येतं. काय झालं म्हणून मी बघायला धावते आणि इकडे माझी भाकरी करपते. मोठे कॅमेरे होते तेव्हा कंटाळा यायचा म्हणे, आता हात शिवशिवतात.

शिवशिवतात ते एका भलत्याच गोष्टीसाठी. म्हातारी जोडपी. आमच्याकडे म्हातारा पुढे चालतो, म्हातारी पिशवी घेऊन मागून. शेजारी उभं राहायचं म्हटलं की दोघांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. भावजी नेमके त्यांच्याच मागे. "जवळ सरका" हा त्यांचा मंत्र, आणि "खांद्यावर हात ठेवा" म्हणजे कळस. बाजाराच्या दिवशी भावजी दिसले की म्हातारे टपरीमागे लपतात. एका आजोबांनी उभं राहायचं कबूल केलं, पण मध्ये बकरी घेतली. भावजींनी बकरीसकट काढला.

एवढं हसून शेवटी मलाच त्यांचे पाय धरावे लागले. माझं माहेर धसईचं. दिवाळीनंतर नाना, म्हणजे माझे वडील, दवाखान्यातून घरी आले ते निम्मे होऊन. त्यांच्या लग्नातला एकुलता एक फोटो वाळवीने खाल्लेला, आणि आई-नानांचा एकत्र असा फोटोच घरात नाही. भावजींना सांगितलं, चला, आत्ताच्या आत्ता. त्यांनी स्कूटर काढली.

नाना पडवीत बसलेले. म्हणाले, एकट्याचा काढ, तिचं काय काम. आई लुगडं बदलायला म्हणून आत गेली ती बाहेरच येईना. शेवटी मी आवाज चढवला तेव्हा दोघं अंगणात उभी राहिली, मध्ये खाट मावेल एवढं अंतर ठेवून. भावजी म्हणाले, जवळ सरका. नाना सरकले, पण पलीकडे. भावजी आपले मागे मागे. मागे गोणपाटावर आईने वाल वाळत घातलेले. मी ओरडेपर्यंत पाय वालावर पडला आणि भावजी सपशेल उताणे. कॅमेरा मात्र डोळ्यावरून हलला नाही.

आईला हसू आवरेना. हसता हसता तोल गेला आणि तिने गपकन नानांचा खांदा धरला. नाना बोळकं उघडून हसत होते. "अगो, वाल वेच आधी," म्हणाले, पण खांदा काय त्यांनी काढून घेतला नाही. आणि खाली पडल्या पडल्या भावजींनी बटण दाबलं.

परत येताना सरळगावच्या नाक्यावर चहाला थांबलो. भावजींच्या केसात अजून वाल होता. मी सहज विचारलं, भावजी, ह्या खांद्यावरच्या हाताचं तुम्हाला एवढं काय हो?

त्यांनी केसातला वाल काढून बशीत ठेवला. मग म्हणाले, "बाबा गेले तेव्हा चौकातल्या बॅनरला फोटो पाहिजे होता. आख्ख्या तालुक्याची लग्नं माझ्याकडे, पण बाबा एकात पण नाय. ते माझ्या मागं दिवा धरून उभे असायचे ना. तो दिवा घेऊन मी एकदा पण त्यांच्यावर धरला नाय, वैनी."

रात्रंदिवस शोधल्यावर शेवटी एकच सापडला. कुणाच्या तरी हळदीत, गर्दीच्या कडेला, भावजींचे आई-बाबा दोघं. त्यातून बाबांना कापून काढलं, पण घाईत आईचा हात खांद्यावर तसाच राहिला, हिरव्या बांगड्यांसकट. बॅनर लागला आणि चौकात चर्चा सुरू, हा तिसरा हात कुणाचा? भावजी शरमेने अर्धे झाले. रातोरात तो हात पुसून नवा बॅनर लावायचा म्हणून कॉम्प्युटरसमोर बसले. त्यांची आई येऊन मागे उभी राहिली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

भावजींनी कप खाली ठेवला.

"म्हणाली, नको पुसू रे. लोकांच्यात एवढाच एकदा ठेवला होता. राहू दे मला त्यांच्यासंग."