मैनाराणीचा रंग

माणूस पारखायला मला दोन मिनिटं पुरतात! त्यामुळं आमच्या लातूरच्या क्लासचे मालक सिद्रामप्पा जेव्हा म्हणाले, "राघवेंद्र सर, यंदाच्या गॅदरिंगचं नाटक तुमच्याकडं," तेव्हा मी खुर्चीत जरा जास्तच ऐसपैस बसलो.

त्या वर्षी टीव्हीवर दर रविवारी 'मैनाराणी' हे कार्टून लागायचं. आमची आठवी-नववीची पोरं त्यापायी येडी झालेली. तेच स्टेजवर करायचं ठरलं. मी ते कधी पाहिलं नव्हतं; रविवारी सकाळी मी झोपतो. पण चौकातल्या दुकानाच्या काचेत मैनाराणीचं चित्र असलेली वही होती. जाता जाता बघून घेतली. दुधासारखी गोरी राणी!

निवडीला दोघी आल्या. शिरूर अनंतपाळची सत्यशीला सावळी. सगळे संवाद तोंडपाठ, उडी मारली की स्टेज हलायचं. सौदामिनी गोरीपान, पण तिचा आवाज शेजारच्यालाही ऐकू जात नव्हता. मी सौदामिनीला राणी केलं. सत्यशीलाला म्हणालो, "तू अस्वल हो. त्यालाबी ताकद लागते."

ती हळूच म्हणाली, "सर, मैनाराणी माझ्यावाणी काळीच हाय."

"मी चित्र बघितलंय," मी म्हणालो.

गॅदरिंगच्या दिवशी भूकंपानंतर बांधलेलं आमचं पत्र्याचं सभागृह गच्च भरलं. पडदा उघडला, सौदामिनी आली आणि पुढच्या रांगेतून आवाज आला, "ही कोन हाय?"

"मैनाराणी काळी हाय न सर!" दुसरा ओरडला.

सिद्रामप्पांनी मला विंगेत गाठलं. "अहो, माझी नात रोज तिचं नाव घेती. तुम्ही कुठं बघितली गोरी?"

"वहीवर... चौकातल्या दुकानात."

"ती वही दोन वर्षं उन्हात हाय! तिच्यावरचा हत्तीबी गोरा झालाय!"

मग मी आणखी शहाणपणा केला. पडदा पाडला आणि मेकअपवाल्या ग्यानोबाला म्हणालो, "राणीला सावळी कर." पत्र्याखाली भट्टीसारखा उकाडा. दुसऱ्या प्रवेशात रंग ओघळला आणि आमची राणी खारीसारखी पट्टेरी झाली. लोक पोट धरून हसले. सौदामिनी रडत आत आली.

"सर, मी पहिल्या दिवसापासून सांगून राहिले, सत्यशीलाला द्या!"

सांगत असणार. मला ऐकूच आलं नव्हतं.

सत्यशीला केसाळ अंगरखा घालून, मुखवटा काखेत धरून उभी होती. मी म्हणालो, "माझं चुकलं, बाई. करतीस का राणी?"

"हाव," ती म्हणाली. "पण तोंडाला काही लावणार न्हाई."

अंगरखा उतरवून तिनं राणीचे कपडे चढवले आणि ती स्टेजवर गेली. पहिलं वाक्य उच्चारलं आणि पुढची सगळी पोरं तिच्याबरोबर ते म्हणायला लागली. विंगेत मी मान खाली घातली. एवढ्या गुणी पोरीला मी पंधरा दिवस अस्वलाच्या केसात कोंडून ठेवलं होतं!

"सर, आता अस्वलाचं काय?" ग्यानोबानं विचारलं.

दुसरं कोण होतं? अंगरखा कसाबसा चढवून मी धावत स्टेजवर गेलो. पुढच्या रांगेनं टाळ्यांचा कडकडाट केला.

"हां! अस्वल मात्र हुबेहूब हाय!"

मी खुशीत तोंडावरून हात फिरवला. मुखवटा विंगेतच राहिला होता.