वकीलसाहेबांनी पोटात ठेवलेला निरोप

"या फोनवर आलेला निरोप ज्याचा त्यालाच मिळेल! परक्याचा निरोप फोडणं हा गुन्हा आहे!" मनोहरराव वकिलांनी सगळ्या गल्लीला बजावलं. एकाहत्तर साल. महाल भागातल्या आमच्या गल्लीत फोन एकच, त्यांचा. गल्लीतल्या प्रत्येकाने तोच नंबर नातेवाइकांना देऊन ठेवलेला. मागच्या महिन्यात त्यांनी शेजारच्या प्रेमिलाबाईंच्या भावाची नोकरी गेल्याचा निरोप गच्चीवरून ओरडून सांगितला आणि मोठं भांडण झालं. तेव्हापासून वकीलसाहेब तार-टेलिफोनच्या कायद्याचं पुस्तक उशाशी घेऊन झोपत.

गुरुवारी दुपारी एकला वर्ध्याहून ट्रंककॉल आला. समोरच्या रुपरावांच्या मुलीला, उत्तराला, आपल्या मुलासाठी पाहून गेलेले महादेवराव बोलत होते. "मुलगी पसंत आहे! आज चारला साक्षगंधाचा नारळ घेऊन येतो. रुपरावांना सांगा."

रुपराव नेमके नरखेडला, संत्र्याच्या बागेत! चारच्या सुमारास परतायचे होते. वकीलसाहेब येरझारा घालू लागले. आनंदाची बातमी पोटात उकळत्या दुधासारखी वर येत होती. ती दाबता दाबता चेहरा असा झाला, जणू एरंडेल प्यायलेत!

फोनची घंटी ऐकून रुपरावांच्या पत्नी सुभद्राबाई धावत आल्या. "काय निरोप आहे जी?"

"रुपरावांनाच सांगीन, वहिनी."

"नरखेडवरून होता का?"

"कुठून होता, तेही सांगता येत नाही."

"अजी, ते बरे आहेत नं?"

हो म्हटलं तर निरोपावर बोलणं आलं! वकीलसाहेबांनी छताकडे पाहिलं, मोठा सुस्कारा सोडला.

"अगं मायवं!" सुभद्राबाई मटकन खाली बसल्या.

वकीलसाहेबांच्या पत्नी सिंधूताई संतापल्या. "अहो, सांगा नं काय झालं ते! काहून छळून राहिले तिले?"

"कायदा म्हणजे कायदा!"

तीन वाजले, तरी गल्लीत चहालाही एकही चूल पेटली नव्हती. बायका उत्तराला कुशीत घेऊन रडत होत्या, शेजारचे भैयाजी तिरडीसाठी बांबू आणायला निघाले होते. वकीलसाहेब खिडकीतून घड्याळ, रस्ता, पुन्हा घड्याळ पाहत होते. घामाने सदरा भिजला, पण तोंड बंद!

चारला महादेवरावांचा टांगा आला. समोर रडारड! त्यांनी नारळाची पिशवी पाठीमागे लपवली. "कोण गेलं हो?"

"रुपराव!" कोणीतरी हुंदका दिला.

"अरेरे! अशा वेळी नारळ कसा द्यायचा? चला परत!" महादेवराव टांग्याकडे वळले.

आता मात्र वकीलसाहेबांचा धीर सुटला. उत्तराचं जुळलेलं लग्न मोडणार! त्यांनी तोंड उघडलं, तोच सायकलरिक्षातून संत्र्यांची टोपली सांभाळत खुद्द रुपराव उतरले. दारातली गर्दी पाहून त्यांनीच हंबरडा फोडला, "अरे, कोण गेलं रे माझ्या घरचं?"

बायका किंचाळल्या. वकीलसाहेब अनवाणी धावले आणि नियमाप्रमाणे रुपरावांच्या कानात पुटपुटले, "मुलगी पसंत आहे."

"काय? पसंत आहे?" रुपराव गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडले.

खरा प्रकार कळल्यावर महादेवराव डोळे पुसून हसायला लागले. "ज्या माणसासाठी एवढी गल्ली रडते, त्याच्या घरची मुलगी सोडणार नाही आम्ही!" नारळ दिला, साखर वाटली.

वकीलसाहेब छाती पुढे काढून उभे राहिले. आता रुपराव आभार मानणार! रुपरावांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"वकीलसाहेब, सारी गल्ली माझ्यासाठी रडून राहिली होती. एकट्या तुमच्याच डोळ्यांत पाणी नव्हतं म्हणतात!"