बर्टी मचचं शून्य

"सायकल काय एकट्या तिलाच येते?" बर्टी मचने लापशीच्या वाडग्यात चमचा आपटला. "आज मीही सायकलनेच जाणार! स्टोनहेवन ते अ‍ॅबर्डीन, पंधरा मैल! शून्य कार्बन!"

"अरे, तुला जिना चढताना धाप लागते," त्याची बायको सेंगा म्हणाली. "आणि वारा बघ, समोरून आहे."

पण मत्सराला वारा कुठला दिसतो!

समुद्रातून तेल आणि वायू काढणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेत बर्टी अकरा वर्षं नोकरीला होता. कुठे किती वायू जळाला, किती कार्बन हवेत गेला, हे मोजायचं त्याचं काम. एक आकडा कधी चुकला नाही आणि एकदाही कोणी टाळी वाजवली नाही! आणि ही कॅट्रिओना लीस्क! येऊन जेमतेम आठ महिने. त्याच्याच आकड्यांवर तिने 'दहा वर्षांत कार्बन निम्मा' असं वचन बेतलं आणि अध्यक्षबाई तिला डोक्यावर घेऊन नाचायला लागल्या. वर रोज सायकलने येते! तिचे ते लालबुंद गाल बघितले की बर्टीचं पित्त खवळायचं.

आज वार्षिक सभा होती. येताना किती कार्बन सोडला, ते प्रत्येकाने दारातल्या फळ्यावर लिहायचं. कल्पना अर्थातच कॅट्रिओनाची!

पहिल्या मैलाला बर्टीने शीळ घातली. दुसऱ्याला ती बंद पडली. तिसऱ्याला वाऱ्याने त्याला सायकलसकट खड्ड्यात निजवलं!

मासळीचा एक ट्रक थांबला. "काका, जिवंत आहात का?" ड्रायव्हरने विचारलं.

"अ‍ॅबर्डीन?" बर्टी एवढंच बोलू शकला.

"बसा. पुढे जागा नाही, मागे बसावं लागेल."

पुढचे बारा मैल बर्टीने हॅडॉक माशांच्या पेट्यांवर काढले. सभागृहाच्या एक गल्ली अलीकडे तो उतरला आणि ऐटीत सायकलवर टांग टाकून निघाला. पण सीगल पक्ष्यांना कोण समजावणार! दहा-बारा जण कलकलाट करत थेट दारापर्यंत मागे आले.

"मचसाहेब! एवढ्या वाऱ्यात? सायकलने?" अध्यक्षबाई ओरडल्या. "वाजवा रे टाळ्या!"

टाळ्या कडाडल्या. अकरा वर्षांतल्या पहिल्या! कॅट्रिओनाने स्वतः त्याच्या हातात खडू दिला. फळ्यावर तिच्या नावापुढे टपोरं शून्य होतं. बर्टीने हात उचलला... आणि हात काही चालेना. खोटा आकडा त्या हाताने कधी लिहिलाच नव्हता!

"तीन मैल सायकल," तो पुटपुटला. "बारा मैल मासळीचा ट्रक. डिझेलचा. माझ्या वाट्याचा धूर मोजायचा तर आधी हॅडॉकचं वजन लागेल."

सभागृहात हशा पिकला. बर्टीचे कान तापले. कॅट्रिओना मात्र हसली नाही. तिचे गाल आणखी लाल झाले. तिने फडक्याने आपलं शून्य पुसलं.

"मी अ‍ॅबर्डीनच्या वेशीपर्यंत मोटारीने येते," ती म्हणाली. "सायकल मागे बांधून. शेवटचे दोन मैल तेवढे चालवते. रोज."

मग अध्यक्षबाईंनी डोळे पुसले. "याला म्हणतात प्रामाणिकपणा! केवढं धैर्य लागतं, पोरी!"

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात.

बर्टी खडू हातात धरून उभा होता. "आधी मी कबूल केलं," तो शेजारच्याला म्हणाला.

"हो का?" शेजारचा जरा लांब सरकला. "काय हो, इथे मासळीचा वास कुठून येतोय?"